नळी कापली तर जन्मठेप, परवान्याची अट मोडली तर दोन हजार?

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये ज्याचा गाळा आहे, ज्याच्या गाळ्यात लेथ मशीन आहे, किंवा ज्याच्या घरात आजोबांच्या वेळची बंदूक माळ्यावर पडून आहे, त्याने तरी शेवटपर्यंत वाचावी.

मागच्या महिन्यात कॅम्प ३ मधल्या ओळखीच्या एका टर्नरकाकांचा फोन आला. वय साठीच्या आसपास. चाळीस वर्षं लेथवर उभे आहेत. शाफ्ट, बुश, पुली, जे म्हणाल ते करून देतात. आवाज जरा दबलेला होता. म्हणाले, "पत्रकार, चहाला या. फोनवर नको."

गेलो. गोष्ट अशी की आदल्या दुपारी काका जेवायला घरी गेले होते. गाळ्यात मुलगा एकटाच होता, एकोणीस वर्षांचा. चारचाकीतून एक जण आला. गोणपाटात गुंडाळलेली जुनी सिंगल नळीची बारा बोअर बंदूक काढली. म्हणाला, आजोबांची आहे, घरात पडून आहे, गाडीत मावत नाही, नळी एवढी कापून दे. बोटाने खूण करून दाखवली. पाच हजार देतो म्हणाला. दोन मिनिटांचं काम आणि पाच हजार! दिवसभर बुश काढले तरी पोराच्या हातात तेवढे पडत नाहीत.

पोराने तो जॉब चकमध्ये लावायलाही घेतला होता. नशीब म्हणा, तेवढ्यात काका आले. त्यांनी हाकलून लावलं. तो माणूस शिवी देऊन गेला, "तू नाही केलंस तर बाजूचा करेल."

काकांनी मला विचारलं, "पाइपच कापायचा होता ना हो? बंदूक त्याची, आम्ही काय गोळी थोडीच मारणार होतो? समजा पोराने कापली असती, तर काय झालं असतं?"

मी सांगितलं तेव्हा काका खुर्चीत खाली बसले. तेच इथे सगळ्यांसाठी लिहितोय.

आपल्या देशात शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा आहे. त्याचं कलम ६ बघा. बंदुकीची नळी आखूड करायची असेल किंवा खोट्या, नकली पिस्तुलाचं खऱ्यात रूपांतर करायचं असेल, तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा आणि हा वेगळा. म्हणजे बंदुकीचा मालक परवानाधारक असला, तरी तो स्वतःच्या बंदुकीची नळी स्वतःच्या मनाने कापू शकत नाही. शिक्षा? कलम २५ प्रमाणे कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, वर दंड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे असं झालं आहे. कमीत कमी सात, म्हणजे कोर्टाच्या मनात दया आली तरी त्याच्याखाली जाणं अवघड.

फक्त कापण्यापुरतं नाही. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात बदल करणं आणि नुसती दुरुस्त करणंसुद्धा गुन्हा आहे. शिक्षा तीच, सात वर्षं ते जन्मठेप. "साहेब, चाप अडकतोय, जरा घासून द्या" हे काम बंदूक दुरुस्तीचा परवाना नसलेल्या गाळ्यात करायचं नाही. विषय संपला.

आणि नळी कापल्यावर बंदुकीची जातही बदलते. २० इंचांपेक्षा कमी लांबीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक नियमांच्या सर्वांत कडक अशा पहिल्या वर्गात जाते. कारण उघड आहे. लांब बंदूक खांद्यावर दिसते. आखूड केली की जॅकेटखाली, सीटखाली, पिशवीत जाते. नळी कापण्याचा हेतू बहुतेकदा लपवणं हाच असतो. आणि प्रामाणिकपणे सांगा, त्या चारचाकीवाल्याचा दुसरा काय हेतू होता? घरात पडून असलेली बंदूक गाडीत कशाला मावायला हवी?

हल्ली पोरं मोबाईलवर अमेरिकेचे व्हिडिओ बघतात. तिथे माणूस टेबलावर सुटे भाग मांडतो आणि अर्ध्या तासात रायफल जोडून दाखवतो. आपल्या पोरांना वाटतं, सुटे भाग म्हणजे काय, स्पेअर पार्ट. त्या अमेरिकेतसुद्धा १९३४ पासून कायदा आहे. १६ इंचांपेक्षा कमी नळीची रायफल किंवा १८ इंचांपेक्षा कमी नळीची शॉटगन करायची तर आधी केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. जिथे बंदूक बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, तिथे ही गत. आपल्याकडे तो हक्क नाहीच, आहे ती परवानगी. आणि आपल्या कायद्यात 'बंदूक' या शब्दाच्या व्याख्येतच तिचे सुटे भाग येतात, आवाज दाबणारी नळी येते, बंदूक बनवायची यंत्रंसुद्धा येतात. त्यामुळे "मी तर फक्त एक पार्ट बनवला" हा बचाव नाही.

आपल्या उल्हासनगरची ख्याती सगळ्यांना माहीत आहे. फाळणीनंतर सिंधी बांधव लष्कराच्या रिकाम्या छावणीत आले आणि त्यांनी शून्यातून बाजार उभा केला. कशाचीही हुबेहूब नक्कल करायची आणि वर 'मेड इन यूएसए' छापायचं. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हा विनोद आपण अभिमानाने सांगतो. शेजारी अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, एमआयडीसी आहे, हजारो हातांत कसब आहे. पण जिथे कसब आहे तिथे गिऱ्हाईकही येतं. कसबी माणसाला कायदा कोणी सांगितलेलाच नाही. किती वर्कशॉपच्या भिंतीवर हे लिहिलेलं तुम्ही पाहिलंय? मी एकाही नाही.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो, तिकडे वळतो.

मी काकांना म्हटलं, "काका, पोलिसांना कळवा. बंदूक आजोबांची होती म्हणजे परवाना याच्या नावावर नसणार. विनापरवाना बंदूक बाळगणं हाच गुन्हा आहे, दोन ते पाच वर्षं. आणि असा गुन्हा माहीत असेल तर जवळच्या ठाण्यात कळवणं हे कलम ३६ प्रमाणे प्रत्येकाचं कर्तव्य आहे."

काका हसले. कडू हसले. म्हणाले, "ठाण्यात? जिथे केबिनमध्ये गोळ्या चालल्या तिथे मी, लेथवाला, बंदुकीची तक्रार घेऊन जाऊ? आधी मलाच बसवून ठेवतील. ते राहू द्या. मला एक सांगा, त्या केबिनमधली बंदूक कोणाच्या गाळ्यात बनली होती?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण तोंडातून निघेना. ती बंदूक कुठल्याच गाळ्यात बनली नव्हती. ती परवान्याची होती.

२ फेब्रुवारी २०२४, शुक्रवारची रात्र. उल्हासनगरचं हिललाईन पोलीस ठाणं, वरिष्ठ निरीक्षकांची केबिन. द्वारलीच्या जमिनीचा वाद. कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. महेश गायकवाड आणि राहुल पाटील जखमी झाले. सीसीटीव्हीचं चित्रीकरण सगळ्या देशाने पाहिलं. गोळ्या झाडल्याचं आमदारांनी स्वतःच वृत्तवाहिनीला फोनवर सांगितलं. मुलाला मारहाण होत होती म्हणून झाडल्या, असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं, दोष-निर्दोष कोर्ट ठरवेल, तो माझा विषय नाही. दोन्ही बाजूंचे पक्ष तेव्हा सत्तेत एकत्र होते, तोही माझा विषय नाही. नोव्हेंबर २०२४ ला त्याच मतदारसंघातून आमदारांच्या पत्नी सुलभा गायकवाड भाजपच्या तिकिटावर निवडून आल्या, महेश गायकवाड अपक्ष उभे होते. लोकांनी मतं दिली, लोकशाही आहे.

माझा विषय एवढाच, की भरलेलं पिस्तूल पोलीस ठाण्याच्या आत, साहेबांच्या केबिनपर्यंत गेलं, आणि वाटेत कोणालाही "साहेब, ते जरा बाहेर ठेवा" म्हणावंसं वाटलं नाही. कारण ते परवान्याचं होतं.

बरोबर सहा दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, मुंबईत बोरिवलीला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना हत्या झाली. ते पिस्तूलही परवान्याचंच. परवाना अंगरक्षकाच्या नावावर, गोळी झाडणारा हात दुसऱ्याचा.

आणि त्याच्या आधी नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथच्या एमआयडीसीत बैलगाडा शर्यतीच्या वादातून दोन गटांत भररस्त्यात गोळीबार झाला होता. बैलावरून! ज्या रस्त्याने कामगार पाळी संपवून स्टेशनला चालत जातात, त्या भागात.

जुन्या लोकांना नव्वद सालही आठवत असेल. फेब्रुवारी १९९० मध्ये घनश्याम भतिजा, एप्रिलमध्ये त्याचा भाऊ इंदर. त्यातल्या इंदर भतिजा खटल्यात पप्पू कलानीला जन्मठेप लागली ती २०१३ साली. तेवीस वर्षं! जन्मलेलं पोर नोकरीला लागलं तोवर. तेव्हा आपण म्हणायचो, ती गुंडांची टोळी होती, तो काळ गेला. काळ गेला खरा. फक्त बंदूक टोळीच्या हातातून पांढऱ्या शर्टाच्या कमरेला आली.

आता कायद्याचा दुसरा काटा बघा. परवानाधारकाने परवान्याच्या अटी मोडल्या तर शस्त्र अधिनियमाचं कलम ३० लागतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार! विनातिकीट प्रवासाच्या दंडाशी तुलना करावी अशी रक्कम. गोळी लागून माणूस जखमी झाला की खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागतं, ते वेगळं. मी त्याच्या आधीच्या पायरीबद्दल बोलतोय. ज्याने पिस्तूल दाखवलं, टेबलावर ठेवून बोलला, दुसऱ्याच्या हातात दिलं, त्या पायरीबद्दल. गोळी सुटण्याआधी जिथे अडवता येतं, तिथेच कायदा सगळ्यात पातळ आहे.

हळदीच्या कार्यक्रमात डीजेसमोर हवेत गोळ्या झाडायची जी हौस असते, तिच्यासाठी २०१९ मध्ये नवीन कलम आलं. दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल असा हवेतला गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. चांगलं आहे. पण तुम्ही मला सांगा, हळदीत झाडणारा कोण असतो आणि व्हिडिओ काढून पोलिसांना देणारा कोण असेल? गावात राहायचंय ना त्याला.

मग लेथवाल्याच्या पोराला कमीत कमी सात वर्षं, आणि कमरेचं पिस्तूल टेबलावर ठेवून जमिनीचा सौदा करणाऱ्याला दोन हजार? मी लेथवाल्याची शिक्षा कमी करा म्हणत नाही. नळी कापणं हा गंभीरच गुन्हा असला पाहिजे. मी म्हणतोय, वरचा काटाही तेवढाच जड करा.

लगेच मला मेसेज येतील: "पत्रकार, व्यापाऱ्याला खंडणीचे फोन येतात, त्याने काय करायचं?" खरं आहे. या शहरात सराफाला, बिल्डरला, केबलवाल्याला खरा धोका असतो, मी स्वतः अशा बातम्या केल्या आहेत. ज्याच्या जिवाला खरा धोका आहे त्याला परवाना मिळावाच. पण परवाना धोक्यासाठी असतो, शोभेसाठी नाही. इंस्टाग्रामवर पिस्तुलासह फोटो टाकणाऱ्याला नेमका कोणाचा धोका आहे? आपल्याकडे परवाना म्हणजे फॉर्च्युनर आणि सोन्याच्या साखळीनंतरची तिसरी पायरी झाली आहे. गुंठे विकले, पैसा आला, गाडी आली, मग "कमिशनर ऑफिसला फाइल टाकलीय" हे अभिमानाने सांगायचं.

दुसरा मेसेज येईल: "गुन्हेगार कायदा पाळत नाही, मग कायदा कडक करून काय?" अहो, वरच्या घटनांमधलं ठाण्यातलं आणि बोरिवलीचं पिस्तूल कायद्याने दिलेलं होतं. त्यांची फाइल होती, नंबर होता, कोणा अधिकाऱ्याची सही होती. जे शस्त्र सरकारच्या वहीत आहे ते तरी सरकारला आवरता यावं की नाही?

आणि आवरता येतं, हे आपण दर निवडणुकीत पाहतो. आचारसंहिता लागली की छाननी होते, याद्या निघतात, परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करून घेतली जातात. म्हणजे कोणाकडून धोका आहे हे प्रशासनाला ठाऊक असतं. निकाल लागला की तीच शस्त्रं सही घेऊन परत. धोका काय फक्त आचारसंहितेपुरता असतो का?

आपल्या तिन्ही शहरांत परवाना देणारा अधिकारी म्हणजे ठाण्याचे पोलीस आयुक्त. कायद्यानेच आयुक्तालयाच्या हद्दीत जिल्हा दंडाधिकाऱ्याचे अधिकार त्यांच्याकडे आहेत. परवाना द्यायचाही आणि काढून घ्यायचाही. कलम १७ वाचा. सार्वजनिक शांततेसाठी गरज वाटली तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, त्यासाठी खटल्याचा निकाल लागायची वाट बघावी लागत नाही. विनापरवाना शस्त्राच्या खटल्यालाही कलम ३९ प्रमाणे त्यांचीच मंजुरी लागते, ती वेळेत आणि नीट आली नाही की आरोपी तांत्रिक मुद्द्यावर सुटतो. म्हणजे किल्ली एकाच टेबलावर आहे. म्हणून मागण्याही त्याच टेबलाकडे:

१) परिमंडळ चारमधल्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हद्दीत किती परवाने आहेत, दर वर्षी किती दिले, किती नाकारले, किती रद्द केले, हे आकडे जाहीर करा. नावं नकोत, आकडे द्या. मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. तुम्हीही टाका.

२) ज्या परवानाधारकावर मारामारी, धमकी, जमीन बळकावण्याचा गुन्हा दाखल आहे, त्याच्या परवान्याचा फेरविचार आपोआप व्हावा. कोणी अर्ज करेपर्यंत थांबू नका.

३) पोलीस ठाणं, पालिका, तहसील, निबंधक कार्यालय, इथे कामासाठी येणाऱ्या कोणाचंही शस्त्र दारात जमा व्हावं. आमदार असो, नगरसेवक असो, त्याचा अंगरक्षक असो. एक लोखंडी कपाट आणि एक वही, एवढाच खर्च आहे.

४) प्रत्येक वर्कशॉपमध्ये, एमआयडीसीच्या गेटवर मराठी, हिंदी, सिंधीत फलक लावा: "बंदूक बनवणे, दुरुस्त करणे, नळी कापणे: ७ वर्षे ते जन्मठेप." आणि माहिती देणाऱ्या कारागिराचं नाव बाहेर जाणार नाही, हे आयुक्तांनी स्वतः सांगावं.

५) आपल्या खासदारांनी कलम ३० मधल्या दोन हजारांचा विषय संसदेत काढावा. २०१९ मध्ये एवढ्या शिक्षा वाढल्या. परवानाधारकाकडे ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्याही तीनवरून दोनवर आली. मग परवान्याच्या अटी मोडणाऱ्याच्या दंडाचाही विचार व्हायला काय हरकत आहे?

आणि वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. बदलापूर, अंबरनाथच्या आसपासच्या गावांत कित्येक घरांत आजोबांची बारा बोअर किंवा ठासणीची बंदूक आहे, पीकसंरक्षणासाठी घेतलेली. आजोबा गेले, परवाना त्यांच्याबरोबर संपला, बंदूक माळ्यावर राहिली. ती आज विनापरवाना आहे, तुम्ही तिला हात लावा किंवा नका लावू. उशीर न करता जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, हवी असेल तर वारस म्हणून स्वतःच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करा. नको असेल तर सोडून द्या. पण गोणपाटात गुंडाळून लेथवाल्याकडे नेऊ नका.

काकांची गोष्ट अर्धी राहिली. ते ठाण्यात गेले नाहीत. शेवटी त्यांचं नाव न घेता मीच ओळखीच्या अधिकाऱ्याला कळवलं. अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं, विचारलं, "गाडीचा नंबर?" नंबर पोराने घेतला नव्हता. घाबरलं होतं पोर. धागा तिथेच तुटला.

म्हणजे ती बंदूक अजून आपल्यात कुठेतरी आहे. तिची नळी एव्हाना कापून झाली असेल, दुसऱ्या कुठल्या तरी गाळ्यात, पाच हजारांत, दुसऱ्या कुठल्या तरी पोराच्या हातून. उद्या ती चालली तर ते पोर आत जाईल, त्याचा फोटो आम्हीच छापू, 'शस्त्र कारखाना उद्ध्वस्त' म्हणून. आणि चारचाकीवाला तोपर्यंत बहुतेक परवान्यासाठी फाइल टाकून बसलेला असेल.

ही पोस्ट आपापल्या कारागीर मित्रांपर्यंत पोचवा. गाळ्याच्या, असोसिएशनच्या, रिक्षा स्टँडच्या ग्रुपवर टाका. माझं नाव काढून टाकलंत तरी चालेल, फक्त कलमं आणि शिक्षा काढू नका. आणि तुमच्या गाळ्यात कोणी गोणपाट घेऊन आला, तर कामाला नाही म्हणा आणि आधी गाडीचा नंबर लिहून ठेवा.